मांजर कुठं आहे, हे इटालियनमध्ये

निपाणी भागात तंबाखूची खरेदी करत मी स्वतःच्या पायावर उभा राहिलो. चिकोडीकडच्या शेतकऱ्यांशी सौदे करताना कन्नड शिकलो, कचेरीतल्या साहेबांसाठी आणखी थोडं शिकलो. समोरच्याची भाषा आपणच शिकायची, हे इथं आमच्या वाट्याला आलेलंच आहे. पण स्वतःच्या नातीसाठीही मीच शिकायचं, हे मला अजून पटलेलं नाही.

मुलगा नोकरीसाठी इटलीला गेला आणि तिथल्याच मुलीशी लग्न करून राहिला. नात पाच वर्षांची. मराठीचा एक शब्द येत नाही. त्याला विचारलं, तर म्हणाला, "अण्णा, आईची भाषा अन् शाळेतलं इंग्लिश, एवढंच लई होतंय तिला."

म्हणजे जागा नाही ती फक्त बापाच्या भाषेला.

तरी शिकलो. गोदामात बसून मोबाईलवर व्हिडिओ लावायचो. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर नातीचा एकच खेळ असे. ती कापडी मांजर लपवायची आणि मी शोधायचं. 'दोवे इल गात्तो?' म्हणजे मांजर कुठं आहे? सोप्रा म्हणजे वर, सोत्तो म्हणजे खाली, दिएत्रो म्हणजे मागं.

"मांजर हुडकताय व्हय?" बायको आतून ओरडायची. "घरात सोताचा चष्मा घावत न्हाय तुमास्नी!"

एकदा मी "सोत्तो इल लेत्तो" म्हणालो, पलंगाखाली, आणि मांजर खरंच तिथं निघालं. पोरगी अशी खदखदून हसली की पुढचा आठवडाभर मी गोदामात कुणावर ओरडलो नाही.

मग एका रविवारी तिचं लक्षच नव्हतं. मी विचारत राहिलो, ती टीव्ही बघत राहिली. शेवटी आईच्या कानात काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या.

"काय म्हणाली रं?" मी मुलाला विचारलं.

"काय न्हाय अण्णा. तुमचं बोलणं गमतीचं वाटतंय तिला."

माझं डोकं सणकलं. सौदा अडला की मी उठतो, चपला घालतो आणि गाडीकडं चालू लागतो. मागून शेतकऱ्याची हाक येतेच, "अण्णा, बर्री, कूड्री." या, बसा. आजवर एकदाही चुकलेली नाही.

"चल, उठलो मी," म्हणालो आणि फोन कट केला.

जेवतानाही तो ताटाशेजारी ठेवला होता. वाजला नाही. पुढच्या रविवारीही नाही. त्यानंतर मुलाचा आला, गाडी चालवता चालवता.

"रविवारी पोहायचा क्लास असतोय तिचा आता. बघू, लावतो कवातरी."

"माझं नाव काढती का?"

"ल्हान हाय हो ती, अण्णा."

बायको म्हणते, "तुमीच लावा की फोन. लेकराशी कसला सौदा?" उठून गेलेला माणूस आपणहून बांधावर परतला, तर पुढं त्याला कोण विचारतो? हे तिला कळायचं नाही. चूक त्यांची आहे. हाक त्यांनी मारायला हवी होती.

व्हिडिओ मात्र अजून लावतो. काल कपाट आणि भिंतीच्या मधे असं कसं म्हणायचं, ते आलं. पोरं असला खेळ किती दिवस खेळतात? तिचा तो एव्हाना संपलाही असेल.