चिनी मातीचा गोळा

आई आमच्या सोलापूरच्या घरात उंबऱ्याला अडखळून पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी तिथे पोलादी गोळा बसवला. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं, मी कॉलेजात होते. आई चालायला लागली, पण डॉक्टरांनी अट घातली, जमिनीवर बसायचं नाही. आता काय बोलायचं! आमच्या घरात खुर्ची एकच, तीही पाहुण्यांसाठी. भाकरी थापणं, शेंगा फोडणं, जेवणं, भांडणं, सगळं खाली बसूनच चालायचं.

आईला खरी हुरहूर लागली येळवसेची. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आम्ही वैरागजवळ मामाच्या रानात जेवायला जायचो. उभ्या ज्वारीत कडब्याची खोपटासारखी कोप, कोपीपुढे सगळे गोल करून बसलेले, मधे पालेभाज्या-कडधान्यांच्या भज्जीचं पातेलं. आईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची माझी जागा ठरलेली, कॉलेजात गेले तरी मी ती कुणाला देत नव्हते. त्या वर्षी मामाने बैलगाडीतून खुर्ची आणली. आम्ही सगळे खाली आणि आई एकटी वर, सभेच्या अध्यक्षीणबाईसारखी.

"अक्का, वरनं काय दिसतंय गं?" मावशीने चिडवलं.

"काय दिसणार? नुसती टकुरी. तोंडं दिसत न्हाईत की कुणाची."

सगळे हसले. मी मात्र मान वर करून तिच्याकडे बघितलं.

दोन-तीन वर्षांत तिचा खुबा पुन्हा दुखायला लागला. पोलाद घासून घासून गोळा ज्यात फिरतो त्या वाटीचं हाड झिजतंय, असं डॉक्टर म्हणाले. बोलता बोलता ते हेही म्हणाले, की परदेशात आता चिनी मातीसारख्या पदार्थाचे गोळे निघालेत, ते फार कमी झिजतात. झालं! आईने तेवढंच धरलं. नवा गोळा येणार आणि आपण येळवसेला खाली बसणार, हे तिने स्वतःच ठरवून टाकलं.

वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून दोन कड्या काढून आईच्या हातावर ठेवल्या. मशिनवर सूत ज्यातून सरकतं त्या कड्या, एक लोखंडी, एक चिनी मातीची. लोखंडी कडीत सुताने खोल चर पाडले होते. चिनी मातीची मात्र काचेसारखी गुळगुळीत.

"बघ. साधं सूत लोखंड कापतंय, पण हिला ओरखडा न्हाई."

आईने मडकं घेताना वाजवतात तशी कडी बोटाने वाजवली. "पण ही फुटंल की वो. लोणच्याची बरणी फुटती तशी."

"कुटं फुटतीया!" म्हणत वडिलांनी कडी शहाबादी फरशीवर टाकली. खळ्कन दोन तुकडे! वडील तुकड्यांकडे बघतच राहिले. आई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "अवो, ह्याच्यावर मला चालवनार व्हय तुमी?"

तरी ते तुकडे पदराला बांधून ती दवाखान्यात आलीच. डॉक्टरांनी नीट समजावलं. तो पदार्थ ही चिनी माती नव्हे, बारीक दाण्याची भुकटी दाबून, प्रचंड तापवून, आरशासारखी घासून तो करतात. इतका कठीण की त्यावर चरा उमटणं मुश्कील, आणि अंगातला ओलावा धरून ठेवतो म्हणून सुळसुळीत फिरतो. खोड एकच. पोलादाला मार बसला तर पोचा येतो, हा एकदम तडकतो. म्हणून ते अजून सुधारतायत.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तो बसवला तर मला खाली बसता येईल का?"

डॉक्टरांनी मान हलवली. "नाही, मावशी. झीज वेगळी, बसणं वेगळं. पाय फार दुमडला तर गोळा वाटीतून निसटतो. मग तो कशाचाही असो."

घरी आल्यावर आईने पदराची गाठ सोडून तुकडे खिडकीत ठेवले आणि तिच्यासाठी बांधलेल्या ओट्याशी उभी राहून भाकरी थापायला लागली. मला डॉक्टरांचा इतका संताप आला होता! बिचाऱ्यांनी खरं तेच सांगितलं होतं.

नवा गोळा आईच्या हयातीत आमच्यापर्यंत आलाच नाही.

आता तो माझ्या खुब्यात आहे. त्याची छाती बघा, म्हणे माझ्यापेक्षा जास्त टिकेल! मीही आईचाच प्रश्न विचारला. या नव्या डॉक्टरांनी तपासायचं थांबवून सांगितलं, "बाई, खाली बसणं टाळलेलंच बरं."

यंदाच्या येळवसेला मामाच्या नातवंडांनी माझ्यासाठी खुर्ची मांडली. खाली गोल धरून सगळी बसली होती, हसत होती, आणि मला दिसत होती नुसती टकुरी. आई, तू हवी होतीस गं. समोरासमोर दोन खुर्च्या टाकल्या असत्या आणि तोंडं बघत जेवलो असतो.