दाखला माझ्या पर्समध्ये होता

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आणि आमच्या घरात तर भाजीत मीठ जास्त पडलं तरी संध्याकाळपर्यंत चार घरांना कळतं. माझ्या पोटात काही राहत नाही असं सगळे म्हणतात. हे मात्र राहिलं. सहा वर्षं राहिलं. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल तर निदान समोर बसलेले नाही.

सुरुवात कुठून करू? मे महिन्यापासून करते. तुम्हाला वाटत असेल की मास्तरीणबाईंना मे महिन्यात सुट्टी असते. असते हो, कागदावर असते. आम्ही त्या उन्हात दारोदार फिरत असतो. डोक्यावर पदर, हातात पाण्याची बाटली, काखेत यादी. "तुमचं मूल आमच्या शाळेत घाला." निवडणुकीतला उमेदवार पाच वर्षांतून एकदा हात जोडतो, आम्ही दरवर्षी जोडतो. कारण आमचं सगळं पटावर. वर्गात मुलं पुरेशी नसली की एक शिक्षक जास्तीचा ठरतो, आणि जास्तीचा ठरला की त्याची रवानगी जिथे जागा असेल तिथे.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते दहावी, सगळं एका आवारात. गाव बाजाराचं, शिरपूर-चोपडा रस्त्यावरचं. मंगळवारी बाजार भरला की शाळेच्या भिंतीला टेकून मिरचीवाल्या बसतात आणि चौथीचा वर्ग दिवसभर शिंकतो. पहिली ते दहावी — हे आमचं एकमेव भांडवल होतं. इंग्रजी शाळांकडे गाडी, टाय, बूट. आमच्याकडे काय? तर एकदा आत आलं की दहावी होऊनच बाहेर. मी हे वाक्य इतक्या ओट्यांवर म्हटलंय की झोपेतही म्हणेन.

त्या वर्षी मी जास्तीची ठरणार होते. सहावी ते आठवीच्या वर्गांना मी शिकवते, पण पट पाचवी ते आठवीचा एकत्र धरत होते, आणि तो एका मुलाने कमी पडत होता. एका! सातपुड्याच्या पायथ्याला एक शाळा होती, दोन एसटी बदलून जायची, तिथे माझी नेमणूक होणार असं मुख्याध्यापकांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आता इथे मी म्हणू शकते की सासूबाई आजारी होत्या, घरात लहान मूल होतं. म्हणू शकते ना? कोण तपासणार आहे? पण सासूबाई ठणठणीत होत्या, अजूनही आहेत, आणि मुलगा कॉलेजात होता. मला दोन एसटी बदलायच्या नव्हत्या. एवढंच.

थांबा, पाणी पिऊन येते.

हं. तर सुनंदा. गावाबाहेर मळ्यात वीस-पंचवीस घरांची वस्ती आहे, तिथली. कापूस वेचायला, निंदायला जाणारी, अंगाने काटकुळी, बोलताना नजर खाली न घालणारी बाई. तिची थोरली जागृती वस्तीवरच्या शाळेत चौथी झाली होती. वस्तीची शाळा चौथीपर्यंतच, म्हणजे पाचवीला कुठेतरी घालायचं होतं. आणि सुनंदाचं ठरलेलं होतं, हे मला माहीत होतं — शिरपूरची मुलींची शाळा, पाचवी ते बारावी. शेजारच्या दोन मुली तिथे जाणार होत्या. तिघी मिळून फाट्यावरून एसटीने जातील, पास फुकट, एकमेकींची सोबत. जागृतीचे आजोबा, ज्यांना सगळी वस्ती आबा म्हणते, ते मोठे कडक. पण "तिघी असतील तर जाऊ द्या" म्हणून तेही तयार झाले होते. सगळं जुळलेलं होतं.

ते मोडायला मी गेले.

गोड बोलून मोडलं, बरं का. चहा घेतला. शाळा पायी वीस मिनिटांवर, कशाला त्या एसटीच्या गर्दीत पोरीला घालतेस, म्हटलं. सुनंदा ऐकत होती. ती काही इंग्रजी मागत नव्हती, संगणक मागत नव्हती. तिचा एकच प्रश्न होता, आणि तो तिने सरळ विचारला.

"बाई, एकच सांगा — दहावीलगून शाळा इथंच ऱ्हाई ना? मझारमा बंद पडनी तं मनी पोर घर बठी जाई."

दहावीपर्यंत शाळा राहील ना, मध्येच बंद पडली तर माझी पोरगी घरी बसेल. मग तिने का ते सांगितलं. तिची स्वतःची शाळा सातवीला संपली होती. दुसरी शाळा होती, लांब नव्हती. पण शाळा बदलायची म्हटलं की घरात पुन्हा बैठक बसते. पुन्हा कोणीतरी विचारतं, आता पुढे कशाला? एकाच शाळेत पोरगी असली तर हा प्रश्न कोणाला सुचतच नाही, वर्षामागून वर्ष जातं, ती आपली पुढच्या वर्गात जाऊन बसते. सुनंदा म्हणाली, मला माझ्या पोरीसाठी ती बैठक नको आहे. पंचवीस वर्षं नोकरी करून मला जे कळलं नव्हतं ते सातवी शिकलेल्या बाईला कळलं होतं.

आणि आता सांगते. त्याच आठवड्यात तालुक्याहून पत्र आलं होतं. नववी-दहावीत पट कमी, म्हणून पुढच्या वर्षापासून नववीला नवे प्रवेश देऊ नयेत, वर्ग टप्प्याटप्प्याने बंद करावेत. मुख्याध्यापकांनी ते आम्हाला वाचून दाखवलं, घडी घातली आणि म्हणाले, "सध्या बाहेर बोलू नका. प्रवेश होऊन जाऊ द्या." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. बाकीच्यांचं बाकीचे बघतील. मी माझ्या कानाने ऐकलं होतं, मी माझ्या डोळ्यांनी शिक्का पाहिला होता.

मी सुनंदाला काय सांगितलं? नुसतं "हो" म्हणून थांबले असते तरी चाललं असतं. नाही! मी जागृतीला जवळ बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "हिची दहावी माझ्या डोळ्यांदेखत होईल, माझा शब्द." लेकराच्या डोक्यावर हात ठेवून. आमच्याकडे याच्यापुढे काही बोलायचं उरत नाही. सुनंदाचे डोळे भरून आले. ती आत जाऊन शेंगदाण्याची चटणी घेऊन आली, डबा भरून.

पुढचं काम मला पाठ होतं. मास्तरकीतली ही युक्ती बाहेरच्यांना माहीत नसते — मूल कबूल झालं की आईबापाच्या मागे लागायचं नाही, दाखल्याच्या मागे लागायचं. दाखला ज्याच्या हातात, मूल त्याचं. शिरपूरच्या शाळेवाल्यांची गाडी दुसऱ्या दिवशी प्रवेश घ्यायला वस्तीवर येणार होती. मी सुनंदाची सही घेतली, तशीच वस्तीच्या गुरुजींच्या घरी गेले, त्यांना दुपारच्या झोपेतून उठवलं आणि दाखला लिहून घेतला. शिरपूरवाले आले तेव्हा दाखला माझ्या पर्समध्ये होता. त्या दोन मुली गेल्या. जागृती माझ्या शाळेत आली, माझा पट भरला, आणि मी जिथे होते तिथे राहिले.

पोरगी कशी होती, सांगू? सहावीत माझ्याकडे आली. फळ्यावर माझं गणित चुकलं की वर्गात बोलायची नाही. तास संपला की हळूच टेबलाजवळ यायची, "बाई, हातचा राहिला." माझी फजिती नको म्हणून. अकरा-बारा वर्षांची पोर, आणि तिला माझ्या अब्रूची काळजी! आठवलं की अजूनही खुर्चीत बसवत नाही.

तोवर नववी बंद झाल्याचं गावात कळलं होतंच. सुनंदा धावत आली. त्या वेळी सांगता आलं असतं. जागृती सहावीत होती, शिरपूरच्या त्या दोन मुलीही सहावीत होत्या, सोबत तशीच होती, एसटी तीच होती. दाखला काढून दिला असता तर काही बिघडलं नसतं. बिघडलं असतं ते माझं — पट पुन्हा काठावर होता. मी म्हटलं, "अगं, हे तात्पुरतं आहे. प्रस्ताव गेलाय. हिची नववी येईपर्यंत वर्ग परत सुरू होतोय बघ." कसला प्रस्ताव आणि कसलं काय! कोणी एक ओळ लिहिली नव्हती. ती निश्चिंत होऊन कामावर गेली. पहिल्यांदा खोटं बोलले तेव्हा निदान घाम फुटला होता. या वेळी तोही नाही.

आठवी संपली. नववी कुठेच नव्हती. शिरपूरच्या त्या दोन मुलींपैकी एक मामाकडे शिकायला गेली होती, दुसरीचं कुटुंब सुरतेला. एसटीने जायचं तर जागृतीला एकटीने जावं लागणार होतं. आणि सुनंदाने जी टाळायला सगळं केलं होतं ती बैठक बसली. माझ्याच टेबलासमोर बसली. आबा दाखला न्यायला आले होते, सुनंदा मागे उभी, जागृती दारात.

आबा म्हणाले, "बस झायं आते. आखो कसाले?"

झालं तेवढं पुरे, अजून कशाला. सुनंदा माझ्याकडे बघत होती. बाई बोलतील, आबा बाईंचं ऐकतात — हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. आणि ऐकलंही असतं हो त्यांनी! कडक माणूस, पण मास्तरांपुढे टोपी काढून बसणारा. मी एक वाक्य बोलायला हवं होतं. पण ते वाक्य बोलले असते तर आबांनी विचारलं असतं, तेव्हा शब्द दिला होता त्याचं काय? मी मान खाली घालून दाखला लिहीत बसले. त्यात एक रकाना असतो, शाळा सोडण्याचं कारण. तिथे आम्ही सगळ्यांचंच लिहितो तेच मी लिहिलं — पुढील शिक्षणासाठी. सही केली, शिक्का मारला, फुंकर घालून शाई वाळवली.

जाताना सुनंदा मागे वळली. वाटलं, आता बोलेल, बोलायलाच हवं. ती म्हणाली, "तुम्ही काय करशात बाई, वरथून बंद व्हयनी."

वरूनच बंद झाली, तुम्ही काय करणार — माझी समजूत काढली तिने. आणि मी ती काढू दिली. मान हलवली, डोळे पुसल्यासारखंही केलं. लाज वाटायला हवी होती, नाही का?

आता जागृती सोळा वर्षांची आहे. आईबरोबर कापूस वेचायला जाते. मंगळवारच्या बाजारात दिसते कधी, वाणसामान घेताना दुकानदाराच्या आधी तिची बेरीज होते. मी दुसऱ्या रांगेतून जाते. भाजी महाग मिळाली तरी चालते.

परवा जूनमध्ये मात्र वाट उरली नाही. ती शाळेतच आली. धाकट्या बहिणीला घेऊन. धाकटीची चौथी झाली होती, आणि आई कामावर गेली म्हणून थोरली आली. पाचवीच्या प्रवेशाचं टेबल यंदा माझ्याकडे होतं. आमची शाळा आता आठवीपर्यंतच. ते तिला माहीत होतं, मलाही. तिने फॉर्म भरला. बहिणीला पाणी प्यायला बाहेर पाठवलं. मग हळू आवाजात विचारलं,

"बाई, मला घातलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं का, नववी बंद होणार ते?"

राग नव्हता. खरंच नव्हता. माहिती विचारावी तसं विचारलं. खोलीत आम्ही दोघीच. नोकरीची चार वर्षं राहिलीत, आता मला कोण कुठे पाठवणार? बोलायला काय जात होतं माझं? तुम्हीच सांगा — नको, सांगू नका.

मी म्हटलं, "नाही गं. आम्हाला तरी कुठे माहीत होतं?"

ती एकदम मोकळी झाली. हसली सुद्धा. म्हणाली, "मी आईला तेच म्हणत होते. आबा म्हणतात, बाईला माहीत असणारच. त्यावरून आई आणि आबा किती दिवस बोलत नव्हते. आई म्हणाली, बाई तशी नाही. आबा म्हणाले, मग धाकटीला तिथे घालून दाखव. म्हणून तर हिला इथे आणलं."

मी धाकटीचं नाव रजिस्टरात घातलं. त्या दिवसाचा पट एकने वाढला.