शेवग्याने खाल्लेल्या गोळ्या

दिवस गेल्यावर तिसऱ्या महिन्यात धानोऱ्याच्या दवाखान्यात माझं रक्त काढलं, तेव्हा तपासणीवाल्या बाई म्हणाल्या, "पुढं तुमचा बीपी चढेल का, ते हे रक्त आधीच सांगतं." म्हटलं, हात पाहणाऱ्याचा धंदाच बसला! त्यांनी बादलीभर रक्त घेतलं, निदान मला तरी बादलीच दिसली. कागदावर नंबर लिहिला नवऱ्याचा. माझा फोन कमरेला होता, पण कोणी विचारलाच नाही.

पुढं कुठूनच काही कळलं नाही. रक्त गुणाचं निघालं, असं मी धरून चालले.

घरात मात्र नवलच सुरू झालं. सासूने लोणच्याची बरणी दडवली. वरणात मीठ शोधायला बॅटरी लागावी. लग्नापासून पाण्याचा पेला न देणारा नवरा रोज जेवणानंतर एक इवलीशी गोळी हातावर ठेवायचा. "ताकतीची आहे, खा."

ताकतीच्या गोळीने पोर फुगतं आणि बाळंतपणात अडकतं, हे आमच्या गावच्या बायकांना पक्कं ठाऊक. मी गोळी गालात धरायची आणि मागच्या दारी शेवग्याच्या बुडाशी थुंकायची. त्या वर्षी एकेक शेंग उचलायला दोन माणसं लागली.

सातव्या महिन्यात पाय असे सुजले की हत्तीणीने ओळख काढली असती. मग डोकं फुटायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे. गाडीत घालून गडचिरोलीला नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रिपोर्टात धोका आधीच आला होता. बीपी चढू नये म्हणून दिलेली गोळी रोज घेतली ना?"

"रोज देल्ली, मॅडम," नवरा म्हणाला.

"मी शेवग्याले देल्ली. पण कोणता रिपोर्ट?"

नवऱ्याने खिशातून मोबाइल काढला. चार महिने रिपोर्ट त्यातच होता. सासूला ठाऊक, जावेला ठाऊक. रक्त माझं, खबर माझी, आणि मला सोडून घरभर वाटलेली.

"तू भेशीन म्हणून नाई सांगतलं."

"मोहफुलं वेचताना वाघ वीस हातावर बसला होता, तरी मी टोपली भरूनच उठली. अन् कागदाले भेली असती काय?"

कोणी हसलं नाही. त्याच दिवशी पोट फाडून पोरगी काढली. ओंजळीत मावत होती. हे मी वाढवून सांगत नाही.

तिला काचेच्या पेटीत ठेवलं. नर्सबाईंनी कागद पुढं ओढून मोबाइल नंबर विचारला. नवऱ्याने तोंड उघडलं. त्याच्या आधी मी खाटेवरून माझा नंबर सांगितला, आणि पोटाचे टाके ओढत असतानाही पुन्हा एकदा, मोठ्याने.