घाटाची गाडी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, वडिलांजवळ तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय — तुम्ही आमच्या घरातले नाही, एवढंच कारण असेल बहुधा.

आमच्या भावकीत पहिला बी.ए. मी. त्याचा अभिमान होता, आजही आहे. तो झाकून पुढचं सांगण्यात अर्थ नाही. कॉलेज संपलं आणि मी सांगलीत एका हायस्कुलात मास्तर झालो. थोरला भाऊ, दादा, लढाई लागली तसा लष्करात गेला. तिथं लॉरी चालवायला शिकला, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर राहिला. इकडे घरात एक रीत पडून गेली होती — बैल घ्यायचा असो की सोयरीक ठरवायची असो, आमचे वडील, आबा, म्हणायचे, "शिवाला इचारा, त्यो शिकलाय." दादा माझ्याहून मोठा. तरी तोही विचारायचा.

लढाई संपल्यावर तो गावी आला तेव्हा त्याच्यापुढं दोन नोकऱ्या होत्या. एक सांगलीच्या एका जैन व्यापाऱ्याकडची. आमच्या कराडकडचा गूळ भरायचा आणि सांगलीच्या पेठेत नेऊन उतरवायचा. रस्ता सपाट, मुक्कामाला रोज घरी. दुसरी कराडच्या एका मालकाची — कुंभार्ली घाट उतरून माल चिपळूणला न्यायचा. पगार जरा जास्त, पण आठवड्यातून एखादी रात्र घरी. वहिनी इतकी वर्षं वाट बघत होत्या. त्यांनी सांगलीचीच गाडी मनात धरली होती. बोलल्या नाहीत, पण ते काय कळत नव्हतं?

आणि मला तर याहून जास्त माहीत होतं.

आला त्याच आठवड्यात विहिरीवर अंघोळ करताना दादा बोलला होता, माझ्याकडं न बघता. तिकडं डोंगराच्या उतारावर त्याच्या डोळ्यांदेखत पुढची लॉरी दरीत गेली. आतला माणूस शिराळ्याचा, दादाचा जिवाचा दोस्त. "तवापास्नं उतार दिसला की पाय हलतच न्हाई रं. बिरेकवर लाकूड ठेवल्यागत ऱ्हातोय." एवढंच. मग त्यानं डोक्यावर घागर ओतून घेतली. घरात हे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग मी काय सांगायला हवं होतं? ते सांगायला शिकलेल्या माणसाची तरी गरज होती का?

पण आधी शाळेतली गोष्ट सांगायला हवी — तिच्याशिवाय हे नुसतं चुकलेल्या सल्ल्यासारखं वाटेल, आणि ते तसं नाही. लढाई चालू असताना दादा एकदा रजेवर आला आणि थेट शाळेत मला भेटायला आला. खाकी अर्धी चड्डी, खांद्यावर शेंगांचं गाठोडं. व्हरांड्यात हेडमास्तर उभे होते. त्यांनी विचारलं, हे कोण? मी म्हणालो, "आमच्या गावचे एक ड्रायव्हर आहेत." दादा दोन पावलांवर होता. तो हसला आणि म्हणाला, "व्हय सायेब, गावचाच हाय. निरोप द्यायला आल्तो." गाठोडं माझ्या पायाशी ठेवलं आणि गेला. शेंगा मी शिक्षकांच्या खोलीत वाटल्या.

तर — नोकरी ठरवायची त्या सकाळी दादा पडवीत माझ्यासमोर बसला. आतून वहिनींचा भाकरी थापल्याचा आवाज येत होता. त्यानं विचारलं, "सांगलीची धरू म्हन्तो. पर तितं रोज येनं व्हईल, तुज्या शाळंच्या अंगालाच. तुला काय अडचन न्हाई न्हवं?"

तो मला परवानगी मागत होता. माझा भाऊ असण्याची.

मी म्हणालो, अडचण कसली — पण घाटाची गाडी बरी. पगार चांगला, मालक चांगला, पुढंमागं स्वतःची गाडी होईल. इंग्रजीतले दोन शब्दही घातले मध्ये. तो ऐकत राहिला. मग "बरं" म्हणाला. आतला भाकरीचा आवाज थोडा वेळ थांबला होता.

दोन पावसाळे त्यानं तो घाट उतरला. कसा उतरला, ते मी कधी विचारलं नाही. मग एके दिवशी घाटात मधेच गाडी उभी केली, चाकांना दगड लावले, किल्ली क्लीनरच्या हाती दिली आणि मागं फिरून चालू लागला. घाट चढून, पाटणवरून, गावापर्यंत पायी. परत कुणी त्याला गाडी दिली नाही. आमच्याकडं घरटी एक माणूस पलटणीत. तिथं गाडी टाकून आलेल्याला काय ऐकावं लागतं ते सांगायला नको. "औत तरी शेवटापतुर न्हेशील का गड्या, का मदीच सोडशील?" पारावर पोरंसुद्धा म्हणायची. तो खाली बघून पुढं जायचा.

मी गावी गेलो तेव्हा आबांनी सगळ्यांसमोर त्याला विचारलं, सांगलीची सोडून ही नोकरी धरायला तुला सांगितलं कुणी? मी तिथंच बसलो होतो. वहिनी दारात होत्या, त्यांनी माझ्याकडं बघितलं.

दादा म्हणाला, "माजं मीच ठरवलं. शिवा नगंच म्हनत हुता."

मी गप्प बसलो. नुसता गप्प बसलो असतो तरी — पण नाही. थोड्या वेळानं मी त्याला म्हणालो, काम अंगावर घेतलं की निभवायचं असतं, दादा. त्यानं मान हलवली. आबांना माझं बोलणं पटलं.

त्या दिवशी मला काही वाटलं नाही. दुपारच्या मोटारीनं सांगलीला आलो आणि दुसऱ्या दिवशी वर्गावर गेलो. आता हे सांगतानाही फारसं काही वाटत नाही.