बाईंनी सायकलला घंटी बसवली

आमच्या वरच्या मजल्यावरच्या जपानी बाईंसारखं ओरडता येणारं माणूस सबंध युरोपात दुसरं नव्हतं, हे मी छातीठोकपणे सांगतो. ते ओरडणं कोणी बंद केलं, हे मात्र आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

दोन हजार पाच-सहाचे दिवस. पुण्याच्या कंपनीने मला हॉलंडमधल्या युट्रेख्टला पाठवलं होतं, आणि शिडीसारखा उभा जिना असलेल्या एका घरात आम्ही दोघं दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. बाई तिसऱ्यावर. वय साठीच्या पुढे, उंची माझ्या खांद्याइतकी, कपडे नखशिखांत काळे. वाळत घातलेले मोजेसुद्धा गॅलरीत वटवाघळांसारखे लटकायचे. तरुणपणी तोक्योच्या तळघरांतल्या नाटकमंडळ्यांत त्या गायच्या आणि कामं करायच्या. गायच्या म्हणजे आधी कुजबुजायच्या, मग रडायच्या आणि शेवटी अशी किंकाळी फोडायच्या की एकदा म्हणे वरच्या दुकानातल्या न्हाव्याचा हात चळला आणि गिऱ्हाइकाची अर्धी मिशी गेली. रेडिओने त्यांना कधी जवळ केलं नाही. एकच तबकडी निघाली, आणि तिच्या काळ्या वेष्टनावर नावही काळ्याच शाईत छापलेलं. ती कोणाची हेच दुकानदारांना कळेना. पुढे एका नाटकाबरोबर इकडे आल्या आणि नेपथ्य उभारणाऱ्या डच सुताराशी लग्न करून इथल्याच झाल्या. सुतार गेला आणि गाणं थांबलं. पण त्या एका तबकडीवर पोसलेली माणसं कुठे कुठे उगवली होती. एकदा सुपरमार्केटच्या दारात, नाकात बाळ्या घातलेले दोन धिप्पाड तरुण बाईंपुढे कमरेत वाकून उभे असलेले मी पाहिले. एकाच्या डोळ्यांत पाणी. बाईंनी त्याच्या हातात भाजीची पिशवी दिली. म्हणाल्या, "वाकलाच आहेस, तर ही धर."

त्यांच्या सायकलला घंटी नव्हती. "घसा असताना घंटी कशाला?" चौकात आल्या की एक स्वर सोडायच्या, आणि विद्यार्थी, कुत्री बाजूला व्हायची; एकदा तर पोलीससुद्धा झाले.

आमची मैत्री झाली ती बायकोच्या हाकांमुळे. बायको मला चारचौघींसारखी 'अहो' म्हणते. बाई मूळच्या ओसाकाच्या. एका रविवारी गंभीर चेहऱ्याने खाली आल्या, मला बाजूला घेतलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, "ओसाकात 'अहो' म्हणजे मूर्ख. तुझ्या बायकोने सकाळपासून तुला नऊ वेळा मूर्ख म्हटलं, आणि तू दर वेळी 'आलो, आलो' करत धावतोस. जन्म नाटकात गेला, पण इतकं चांगलं नाटक पाहिलं नाही." मी अर्थ समजावू लागलो, तर आतून आवाज आला, "अहो, समजावताय कशाला? बरोबरच ऐकलंय त्यांनी!" तेव्हापासून बाईंचाही मी 'अहो' झालो. कुठल्या भाषेतला, ते त्या कधी सांगत नसत.

मग त्या बाळीवाल्या तरुणांनी एका जुन्या गोदामात बाईंचा कार्यक्रम ठरवला. कित्येक वर्षांनी त्या गाणार होत्या. रोज दुपारी सराव सुरू झाला. "ती किंकाळी अजून आत आहे का, बघतेय," जिन्यात मला म्हणाल्या. "नसेल, तर मी कोण, तूच सांग."

ती होती. मी घरून काम करत होतो, माझा करार वाढवून मिळणं अडकलं होतं, आणि फोनवरच्या मीटिंगमध्ये ऐन माझ्या बोलण्यात ती वरून आली. साहेबांनी विचारलं, "तुझ्याकडे कोणाचा खून होतोय का?" सगळे हसले. मीही हसलो. फोन ठेवला आणि वर जाऊन दोन शब्द बोलायचं सोडून घरमालकाच्या कचेरीला निनावी पत्र टाइप करून पाठवलं. जिना चौदा पायऱ्यांचा होता.

आठवड्याने बाई तेच पत्र घेऊन खाली आल्या. कचेरीने ताकीद दिली होती, आणि सोबत तक्रारीची प्रत जोडली होती. शेवटच्या ओळीवर बाईंचं बोट. "हे 'काइंडली डू द नीडफुल' काय असतं? इतकी वर्षं इथे आहे, एकाही डच माणसाच्या तोंडून ऐकलं नाही." आमच्या पुण्याच्या ऑफिसात प्रत्येक ईमेल याच ओळीने संपायचा, बोटं आपोआप गेली होती. "कोण जाणे," मी म्हणालो, "जुनं इंग्रजी असेल." चहा घेऊन आलेली बायको म्हणाली, "कुठल्या मेल्याने लिहिलं असेल हो?" बाई म्हणाल्या, "असेल कोणीतरी अहो." दोघी खूप हसल्या. तेव्हा तरी सांगता आलं असतं.

सराव बंद झाला. कधी कधी वरून, उशीत तोंड दाबून कोणी गावं तसं काहीतरी यायचं. आणि एके दिवशी जिन्याखाली बाईंची सायकल दिसली. तिला नवी कोरी घंटी.

कार्यक्रमाला आम्ही गेलो. बाई कुजबुजल्या, रडल्या, मग ती जागा आली. गोदामाने श्वास धरला. बाईंनी तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, आणि आवाज आला तो एवढासा. खालच्यांची झोप मोडू नये म्हणून दार लोटावं तसा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना ती नवी शैली वाटली. बायको कानात म्हणाली, "अहो, त्यांना बरं नाहीये का?" मीही टाळ्या वाजवू लागलो. बाहेर आल्यावर बाई इतकंच बोलल्या, "नाही निघाली."

पुन्हा त्या कुठे गायल्या नाहीत. वर्षभराने ग्रोनिंगनला म्हाताऱ्यांच्या वसाहतीत राहायला गेल्या. सामान ट्रकमध्ये चढलं तेव्हा त्यांनी सायकलची घंटी काढून माझ्या हातात ठेवली. माझ्यासमोर कमरेत किंचित वाकल्या, आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "काइंडली डू द नीडफुल, अहो."

केव्हापासून माहीत होतं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. ग्रोनिंगन इथून आगगाडीने दोन तासांवर. तिथेही गेलो नाही. आता त्या नाहीत, असं त्या तरुणांपैकी एकाने सांगितलं.

आम्ही अजून त्याच घरात राहतो. बायको स्वयंपाकघरातून 'अहो' म्हणते, मी 'आलो, आलो' म्हणतो, पण उठण्याआधी एकदा छताकडे कान जातो. वर आता एक फार सभ्य गृहस्थ राहतात. त्यांचा अगदी कसलाच आवाज येत नाही.