आत्याच्या कानावरचा पदर

आपल्याला काही झालेलं नाही आणि बाकी सगळ्या जगाला काहीतरी झालेलं आहे, यावर माझ्या जयसिंगपूरच्या आत्याइतका ठाम विश्वास असलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. एसटीत बसली की शेजारणीचे डोळे तिला पिवळे दिसायचे. एकदा कंडक्टरचा खोकला ऐकून तिने त्याला ज्येष्ठमध चघळायला लावलं, आणि तो बिचारा कोल्हापूर येईपर्यंत तोंडात काडी धरून तिकिटं देत होता. आमच्याकडे आली की पायातली चप्पल काढायच्या आधी माझी जीभ बघायची. मी बँकेत नोकरीला लागले तरी बघायची.

स्वतःच्या बाबतीत मात्र तिचा कायदा वेगळा. पन्नाशीला आल्यावर आयुष्यभराची हौस म्हणून तिने मोत्यांच्या बुगड्या केल्या आणि दोन्ही कानांच्या वरच्या कडेला भोकं पाडून घेतली. उजवा कान गुमान राहिला. डाव्यावर वर्षभरात हरभऱ्याएवढी गाठ आली, लालसर, तुकतुकीत, आणि इतकी खाजरी की आत्या बोलता बोलता मान तिरकी करून खांद्यावर कान घासायची. चुना झाला, हळद झाली, शेवटी तिने ती कुणाकडून तरी कापून घेतली. सहा महिन्यांत गाठ चिंचोक्याएवढी होऊन परत आली. तेव्हापासून डोक्यावरचा पदर डाव्या कानावरून हलेना. विचारलं तर म्हणायची, वारं लागतं.

मग ती वस्तू वाटत सुटली. शेजारणीला कुकर, नणंदेला पितळी परात, दूधवाल्याच्या बायकोला इरकली साडी. आम्हाला वाटलं, वयाबरोबर मोह सुटला. एका दुपारी तिने बँकेत येऊन माझ्यापुढे रुमालाची पुरचुंडी ठेवली. आत बुगड्या होत्या. मी बघतच राहिले, तेव्हा खालच्या आवाजात म्हणाली, "कापली तरी वाढतीया, म्हंजे क्यान्सरच की. कुणाला बोलू नकोस." जगाची जीभ तपासणारी ही बाई दोन वर्षं एकटीच मरणाची तयारी करत होती. मला रडू आलं आणि रागही आला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी तिला तशीच राजारामपुरीत कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं.

पदर बाजूला करायलाच तिला पाच मिनिटं लागली. डॉक्टरांनी गाठ दाबून बघितली आणि सांगितलं, हा कॅन्सर नाही, केलॉइड आहे. काहींची जखम भरली तरी कातडी थांबत नाही, भरतच राहते. नुसती कापली तर अनेकदा आणखी जोमाने भरते. दर महिन्याला गाठीत इंजेक्शन घ्यायचं आणि नंतर कानाला चाप लावून ती दाबून ठेवायची. हे घराण्यात असू शकतं, म्हणून त्यांनी मलाही वरचा कान टोचू नको म्हणून बजावलं. आत्याने पदर परत कानावर ओढला. मग डॉक्टरांना म्हणाली की तुमचे डोळे ओढल्यासारखे दिसतात, पोट साफ होतं का. माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्याच दिवशी तिने शेजारणीचं दार वाजवलं. "मी न्हाई मरत आता," ती म्हणाली. "कुकर दे." परात आली, इरकली धुऊन-वाळवून आली. दोन-तीन इंजेक्शनांत खाज गेली, सात-आठ महिन्यांत गाठ बसली. डॉक्टरांच्या चापावर तिने गुजरीतल्या सोनाराकडून मोती बसवून घेतले आणि माझ्या लग्नात पदर खांद्यावर टाकून मिरवली.

बुगड्या मात्र तिने मागितल्या नाहीत. मीच परत द्यायला गेले, तर माझी मूठ मिटवून म्हणाली, "ह्या काय मराय लागलो म्हणून दिल्या न्हवत्या. घालू नको, नुस्त्या बघ."

त्यानंतर ती बारा वर्षं जगली. खरोखर गेली ती एका सकाळी, कुणाला काही देऊन न जाता. कुकर तिच्याच ओट्यावर होता, शेजारी तांदूळ धुऊन ठेवलेले. बुगड्या माझ्या कपाटात आहेत. अधूनमधून काढते आणि तिने सांगितल्याप्रमाणे नुसत्या बघते.