ऐंशीवर थांबणारा माणूस

आमच्या गल्लीत बाबांना ऐंशीकाका म्हणतात. नव्याने राहायला आलेल्यांना ते त्यांचं वय वाटतं, आणि या वयातही किती ठणठणीत आहेत म्हणून कौतुक करतात. बाबा सदुसष्ट वर्षांचे आहेत. ऐंशी हा त्यांच्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचा आकडा. ऐंशी टक्क्यांच्या वर तिला चार्ज करायचं नाही आणि वीसच्या खाली उतरू द्यायचं नाही, हा नियम त्यांनी सहा वर्षं पाळला, आणि भेटेल त्याला, त्याची इच्छा असो नसो, समजावून सांगितला.

बाबांची नोकरी फळांच्या कोल्ड स्टोरेजमधली. चौतीस वर्षं त्यांनी सफरचंदांच्या पेट्या सांभाळल्या. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायचे. जाडजूड दार उघडलं की पांढरं धुकं माझ्या चपलांवरून हळूच बाहेर सरकायचं. आत एक मंद पिवळा दिवा, छताला टेकलेल्या पेट्या, आणि घरात कुणी आजारी झोपलेलं असावं तशा आवाजात बोलणारे बाबा. "झोपलीत सगळी," ते म्हणायचे. मला ते खरंच वाटायचं. मी पेटीला कान लावून उभी राहायचे आणि आत कुणी कूस बदलतंय का ते ऐकायचे.

त्या नोकरीने बाबांना एक खोड लावली, आणि ती काही निवृत्त झाली नाही. घरात कुठलीही गोष्ट वापरायची म्हणजे आधी ती झिजेल का याचा विचार. चांगले कप कपाटात, चहा कान तुटलेल्यातून. सोफ्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. मी दहावी झाले तेव्हा मिळालेलं पेन बाबांनी माझ्यासाठी जपून ठेवलं आणि मला मुलगी झाली तेव्हा आणून दिलं. शाई केव्हाच वाळली होती.

असा माणूस बॅटरीवर चालणारी स्कूटर घेतो, तेव्हा काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. फिरून आल्यावर बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही, तासभर निवू द्यायची. मग ती बाहेर काढून, दोन्ही हातांनी छातीशी धरून, मागच्या खोलीत न्यायची. त्या खोलीत ऊन येत नाही. तिथे चार्जिंग चालू असेपर्यंत चार्जरचा छोटा पंखा घुंईऽ करत राहायचा आणि बाबा गजर लावून शेजारी पेपर वाचत बसायचे. एकदा गजर झाला तेव्हा ते आंघोळ करत होते, तर साबणाच्या फेसासकट धावत आले. "तुझ्या जन्माच्या वेळी इतक्या लगबगीने आले नव्हते," आई मला म्हणाली.

मी हसले. पण आईचं स्वतःचं काही त्या ऐंशीत अडकून पडलं होतं, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं.

आईचं बालपण मिठागरावर गेलं. तिचे वडील तिथे वजनकाट्यावर कारकून होते. ती तिथलं सांगायला लागली की तिच्या हातातलं काम थांबायचं: पांढऱ्या राशी, उथळ पाण्यात उतरलेलं आख्खं आभाळ, बांधावरून चालताना वर ढग आणि खालीही ढग, आणि मध्ये आपण. लग्नानंतर ती तिथे पुन्हा गेलीच नाही. बस हमरस्त्यावर सोडते, पुढे चार किलोमीटर अरुंद बांध, त्यावर मोटार जात नाही. गुडघ्यांमुळे चालणं बंद. स्कूटर घरी आली त्या दिवशी बाबा म्हणाले होते, आता मिठागरावर तुला मीच नेणार. ते वाक्य तिने जपून ठेवलं. या घरात तीही काही शिकली होतीच.

मिठागर घरापासून एकोणतीस किलोमीटर. जाऊन येऊन अठ्ठावन्न. शंभर टक्क्यांवरून निघालं तर नवी स्कूटर दोघांना घेऊन बहात्तर किलोमीटर जायची. पण ऐंशीवरून निघून वीसला परतायचं, तर त्रेचाळीसच. तिथे कुणाकडे चार्ज करावी म्हटलं तर परक्या प्लगवर बाबांचा काडीचा विश्वास नाही. मग ते म्हणायचे, नवा रस्ता होतोय, अंतर कमी होईल. पुढच्या वर्षी जाऊ.

चौथ्या वर्षी आई म्हणाली की तिला भिंतीवरचं घड्याळ दिसतं, पण वेळ दिसत नाही. डॉक्टरांनी तपासलं. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत होता. कडेचं दिसत राहील, मधलं हळूहळू पुसट होत जाईल, उपचारांनी वेग कमी होईल इतकंच, असं त्यांनी सांगितलं. आईने घरी येऊन एकच गोष्ट मागितली. मिठागर. बाबा हो म्हणाले. त्यांनी खरंच ठरवलं होतं. पण एकदा ऊन फार होतं, उन्हात बॅटरी तापते. एकदा वारा समोरचा होता, चार्जिंग लवकर उतरतं. एकदा टायर बदलायचे होते. दोन वर्षं अशीच गेली. आई सुई ओवायला माझ्या मुलीला हाक मारू लागली.

शेवटी मीच भडकले. मी बाबांना म्हटलं की एकदा बॅटरी शंभर केली म्हणून ती मरत नाही, आणि मेली तर मरू दे. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर आवाज चढवला होता. दुसऱ्या दिवशी बाबा, एवढ्या लांब जायचं म्हणून, स्कूटर तपासून घ्यायला मेकॅनिककडे गेले. मीही गेले, कारण मला त्यांचा भरवसा नव्हता.

मेकॅनिकने बॅटरीला यंत्र जोडलं, आकडे बघितले आणि म्हणाला की काकांनी छानच सांभाळलीय, दुसऱ्या कुणाची असती तर एव्हाना पार गेली असती. पण चतुर्थांश ताकद कमी झालीय.

"मी तर वापरलीच नाही फारशी," बाबा म्हणाले.

"न वापरताही वय होतंच हो, काका. सांभाळलं की सावकाश होतं एवढंच."

आता पूर्ण भरली तरी चोपन्न किलोमीटर. चार कमी. नवी बॅटरी मागवता येईल का विचारलं, तर या मॉडेलची कंपनीने बंद केली होती.

परत येताना बाबा स्कूटर चालवेनात, हाताने ढकलत चालत होते. कोपऱ्यावर थांबून म्हणाले, "सफरचंदाचंही असंच असतं. वेळेत बाहेर काढलं नाही, तर वरून तकतकीत आणि आत पीठ. मला हे माहीत होतं गं." माझा राग तिथल्या तिथे विरला. मला त्यांची इतकी दया आली की मी स्कूटरच्या हँडलची दुसरी बाजू धरली आणि आम्ही दोघं बिनकामाचं ते ओझं ढकलत घरी आलो.

रविवारी सकाळी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या घरी, त्यांचा फोन आला. "शंभर झालेत," ते म्हणाले. गुन्हा कबूल करावा तसा आवाज. पिशवीत चार्जर, लांब वायर आणि टेस्टर घेतलाय, परतीचं तिथेच बघू. मी माझी कार घेऊन हमरस्त्यापर्यंत मागून येऊ का, असं विचारलं, तर पलीकडून आईच ओरडली की तू मध्ये येऊ नकोस.

पुढचं मला आईने सांगितलं, चार दिवसांनी, मटार सोलताना. बांधावर स्कूटरचा आवाज नव्हता, फक्त चाकाखालचे खडे आणि दूर कुठेतरी पाणी. पाण्याच्या पंपाच्या खोलीतल्या माणसाकडे बाबांनी प्लग मागितला, तीनदा टेस्टर लावून बघितला, मग बॅटरी जोडली. साडेचार तास लागणार होते. दोघं खोलीबाहेर सावलीत बाकावर बसली.

आईने राशींकडे सरळ पाहिलं, तर तिथे करडा डाग. तोंड दुसरीकडे वळवलं तेव्हा त्या कडेने वर आल्या, धूसर, पांढऱ्या. बाबांना वाटलं ती रुसून पाठ फिरवतेय. तिने कारण सांगितलं.

"मी उशीर केला," ते म्हणाले.

"हो, केलात," आई म्हणाली. खोटं बोलून कुणाची समजूत काढणं तिला जमत नाही.

मग बाबा सांगू लागले. बॅटरीचा विषय सोडला तर चार शब्दांत दिवस काढणारा माणूस एकेक रास सांगत होता: ही नुकती ओढलेली, ओली, हिच्या अंगावर मीठ ओढायच्या फाळक्याच्या रेघा आहेत, त्या जुन्या राशीवर झाकण घातलंय. बांधावर एक बाई डोक्यावरची टोपली उतरवून पाठ सरळ करतेय. आईने पाण्याचा रंग विचारला. ते उठून अगदी कडेपर्यंत जाऊन बघून आले. "कापलेलं सफरचंद थोडा वेळ उघडं राहिलं की होतं ना, तसा," ते म्हणाले. आईने डोळे मिटले. अगदी तोच रंग, ती मला म्हणाली, आठ वर्षांची असताना पाय बुडवायचे तेव्हाचा.

ऊन कलायला लागलं. आई ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं की आतला चार्जरचा पंखा थांबलाय. बाबा आत जाऊन आले आणि पुन्हा तिच्या शेजारी बसले.

"मी विचारलं, झालं का चार्जिंग?" आईने सोललेले दाणे हाताने चाचपून वाटीत लोटले. "तर म्हणाले, नाही, अजून बराच वेळ आहे. मी म्हटलं, बरं. मग आता ती पलीकडची रास सांगा."